खाल्लेलं अंगी लागावं म्हणून



या सदरात मी एरवी पासवर्ड, ओटीपी, मोबाईलमध्ये साठलेला कचरा असल्या गोष्टी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे आणि त्याला कारण आपल्या गणेशोत्सवातली पंगत. महाप्रसादाच्या दिवशी मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो. एका काकांनी पानावर हात धरता धरता वर पाहिलं आणि म्हणाले, "अरे, दोन वर्षांपूर्वी वाळून काडी झाला होतास. आता बरा दिसतोस. काय खातोस ते सांग बरं, आमच्या सूनबाईंनाही वजन वाढवायचंय." मागची पानं वरणासाठी खोळंबली होती. "सांगतो काका, नंतर" म्हणून मी पुढे सरकलो.

घरी येऊन विचार केला, काकांना काय सांगू? मी खातो त्या पदार्थांची यादी दिली असती, तर ती त्यांच्या सूनबाईंच्या कामाची नव्हती. त्यांना कसला त्रास आहे हे मला ठाऊक नाही. आणि माझ्या बाबतीत सगळा घोळ अशा याद्यांमुळेच झाला होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मला क्रोन्स डिसीज आहे. हा आतड्याचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते आणि तिथे सूज, जखमा होत राहतात. तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कुठेही होऊ शकतो, पण बहुतेकदा लहान आतडं जिथे संपतं आणि मोठं सुरू होतं त्या सांध्यावर. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तीन डॉक्टरांनी त्याचं पहिलं नीट वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांतल्या पहिल्याचं नाव आजाराला चिकटलं. पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. शांत ठेवता येतो. कधी महिनोन्‌महिने गप्प बसतो, कधी उसळतो.

२०२२ च्या दिवाळीत माझं वजन ६४ किलो होतं. उंची १७२ सेंटीमीटर, म्हणजे अगदी बेताचं, चांगलं. त्यानंतर पोट दुखू लागलं, जेवण झालं की अर्ध्या-पाऊण तासात उजव्या बाजूला पिळ पडायचा. जुलाब. संध्याकाळी कणकण. आधी वाटलं, ॲसिडिटी. इंदूरमध्ये राहून सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावण घातल्याशिवाय ज्याचा दिवस उगवत नाही, त्याला पोटाची तक्रार म्हणजे शेवेचीच वाटणार. शेव बंद केली. काही फरक नाही. २०२३ च्या जूनमध्ये काटा ४८ वर आला. आठ महिन्यांत १६ किलो, म्हणजे माझा चौथा हिस्सा कुठेतरी गेला होता. बीएमआय १६ च्या जेमतेम वर. १८.५ च्या खाली गेलं की कमी वजन म्हणतात, त्यावरून अंदाज करा.

निदानालाही वेळ लागला, आणि त्यात कुणाला दोष देत नाही. आपल्या देशात याच जागी, याच लक्षणांनी आतड्याचा टीबीसुद्धा होतो. कोलोनोस्कोपीत दोन्ही सारखे दिसू शकतात, तुकडा काढून तपासला तरी प्रत्येक वेळी स्पष्ट होत नाही. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर टीबी फोफावतो. म्हणून डॉक्टर अनेकदा आधी टीबीची औषधं देऊन बघतात. मलाही दिली. अडीच महिन्यांनी परत दुर्बीण घातली, जखमा तशाच. मग क्रोन्स म्हणून उपचार सुरू झाले.

आता या सगळ्या काळात घरात काय चाललं होतं ते सांगतो, कारण वजनाचा विषय दवाखान्यात जितका निघत नाही तितका स्वयंपाकघरात निघतो.

माझी आई म्हणजे इंदूरच्या रामबागेत लहानाची मोठी झालेली बाई. मुलगा वाळला म्हणजे त्याला खायला घालायचं, यात तिला शंका नाही. डिंकाचे लाडू झाले, अळीवाचे झाले, मेथीचे झाले. वरणभातावर तूप, पोळीवर तूप, झोपताना मोठ्ठा पेला दूध आणि त्यातही चमचाभर तूप. शेजारच्या काकूंनी केळं-दूध-खजूर सांगितलं. ऑफिसमधल्या मित्राने तर "भिया, ये डब्बा ले, दो महीने में बॉडी" म्हणून वजन वाढवायच्या पावडरीचा तीन किलोचा डबाच आणून दिला. मी सगळं खाल्लं. आणि जितकं खाल्लं तितका जास्त वेळा संडासात गेलो. आई दर रविवारी मला काट्यावर उभं करायची आणि दर रविवारी आकडा खाली. "घरचं साजूक तूप आजवर कुणाला बाधलंय का?" असं ती म्हणायची, आणि पुढच्या आठवड्यात एक चमचा वाढवायची.

याचं उत्तर मला आहारतज्ज्ञ बाईंकडून मिळालं. त्यांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. चरबी पचवायला यकृतातून पित्त येतं. त्यातली पित्ताम्लं आपलं काम झालं की लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात पुन्हा शोषली जातात आणि यकृताकडे परत जातात, म्हणजे शरीर तीच पुन्हा पुन्हा वापरतं. माझा नेमका तोच भाग सुजलेला. त्यामुळे ती परत जायच्या ऐवजी मोठ्या आतड्यात उतरत होती, तिथे पाणी सुटत होतं आणि जुलाब होत होते. तूप पचायला हवं तेवढं पित्तही उरत नव्हतं. थोडक्यात, तूप अंगी लागत नव्हतंच, वर जाताना बाकीचं अन्न आणि पाणीही ओढून नेत होतं. बी-१२ जीवनसत्त्वही त्याच भागात शोषलं जातं, तेही तळाला गेलं होतं. दुधाचा मोठा पेला हा निराळा प्रकार. आपल्याकडे मोठेपणी अनेकांना दुधातली साखर नीट पचत नाही, आणि सुजलेल्या आतड्याला तर आणखी जड जाते. पावडरीच्या डब्यामागची यादी त्यांनी मलाच वाचायला लावली. सगळ्यांत वरचं नाव माल्टोडेक्स्ट्रिनचं, म्हणजे पिठूळ साखरेसारखी गोष्ट. तीन किलोच्या डब्यात बहुतेक तेच.

आई शेजारीच बसली होती. बाई अगदी सांभाळून बोलत होत्या, "तुमचं काही चुकलं नाही, हे सांगितल्याशिवाय कुणालाच कळत नाही" असंही म्हणाल्या. पण परत येताना रिक्षात आई बराच वेळ बाहेर बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मीच त्याला..." वाक्य तिने पुरं केलं नाही. मी "नाही गं" म्हटलं, पण ते तिला पटलं नाही हे दिसत होतं. त्या रात्री तिने मला जेवायला वाढलंच नाही. ताट बायकोने वाढलं. आईने पुढे दोन-तीन आठवडे स्वयंपाकघरात माझ्या पानाला हात लावला नाही. आजाराने माझं वजन गेलं, पण तिचं काय गेलं हे मला तेव्हा नीट समजलं नव्हतं.

जुलैच्या शेवटी स्टेरॉइड सुरू झालं. रोज ४० मिलिग्रॅम, मग दर आठवड्याला थोडं थोडं उतरवत. (हे मनाने बंद करायचं नसतं, एकदम तर नाहीच.) चौथ्या दिवशी पोटदुखी थांबली. भूक अशी लागली की रात्री दोन वाजता उठून मी मुरमुरे खात होतो. सप्टेंबरमध्ये गणपती आले तेव्हा काटा ५५ वर. गाल फुगलेले, चेहरा गोल. उत्सवात भेटेल तो म्हणाला, "वा, काय तब्येत सुधारली!" आईला तर तिच्या मैत्रिणींनी अभिनंदन केलं.

आणि त्याच दिवशी पंगतीतून मला उठता येईना. मांडी घालून बसलो होतो, जेवण झालं, उठायला गेलो तर मांड्यांत जोरच नाही. शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवून उठलो. मुलगी तेव्हा चार वर्षांची. "बाबा, उचल, मला बाप्पा दिसत नाहीये" म्हणाली. उचललं, पण दहा सेकंदांत खाली ठेवावं लागलं. ती रडली नाही, मामाकडे गेली. मला मात्र तो क्षण अजून आठवतो. सात किलो वजन वाढलेला माणूस सतरा किलोची मुलगी धरू शकत नाही, हे कुठलं वजन?

उत्तर सोपं होतं, पण आधी कुणी सांगितलं नव्हतं. स्टेरॉइडने वाढलेल्या वजनात पाणी आणि चरबी बरीच असते. स्नायू उलट झिजतात, विशेषतः मांड्यांचे आणि दंडाचे. हाडांतलं कॅल्शियमही जातं. औषध वाईट असं मी म्हणत नाही, त्यानेच माझी आग विझवली. पण त्या आकड्यावर खूश व्हायचं कारण नव्हतं. नोव्हेंबरमध्ये स्टेरॉइड पूर्ण बंद झालं, पाणी उतरलं आणि काटा ५१ वर आला. घरात सुतक पडल्यासारखं वातावरण. डॉक्टर मात्र म्हणाले, "हे ५१ खरे आहेत. आता इथून सुरुवात."

तोवर अझाथायोप्रिन नावाची गोळी सुरू झाली होती. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि ती चालू असेपर्यंत रक्त ठरावीक काळाने तपासावं लागतं. बी-१२ ची इंजेक्शनं झाली, लोह शिरेतून दिलं. लोह भरल्यावर भूक स्वतःहून सुधारली, हे मला नवीनच होतं. मी ज्याला आजारपणाचा कंटाळा समजत होतो, त्यातला काही भाग नुसता पंडुरोग होता.

माझ्या अनुभवातलं कुणाच्या कामाला येईल तर एवढंच: वजन का जातंय हे कळल्याशिवाय वाढवायच्या मागे लागू नका. माझ्या बाबतीत तीन वाटांनी जात होतं. दुखेल या भीतीने मी कमी खात होतो. खाल्लेलं शोषलं जात नव्हतं. आणि शरीरात चालू असलेली सूज स्वतःच स्नायू खात होती. ही तिसरी वाट बंद होत नाही तोवर ताटात काहीही वाढा, गळक्या बादलीत पाणी.

मग खाणं. आहारतज्ज्ञ बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं की इतकं वजन घटलेल्या माणसाने एकदम भरपूर खायला लागू नये. उपाशी शरीरात अचानक खूप अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि ते हृदयावर बेतू शकतं. जूनमध्ये पहिल्या आठवड्यात माझं रक्त त्यासाठी दोनदा तपासलं होतं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी खूप खंगलेलं माणूस असेल तर हे लक्षात असू द्या; लाडूंचा डबा काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

त्यांनी माझं तीन दिवसांचं खाणं लिहून घेतलं आणि हिशेब केला. मला वाटत होतं मी भरपूर खातो. प्रथिनं निघाली दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास. निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम लागतं; हा आजार जागा असताना १.२ ते १.५. म्हणजे मला ६० ते ७५ ग्रॅम हवी होती आणि मी निम्म्यावर होतो. लाडू, साबुदाणा, केळी, तूप यांत उष्मांक आहेत, प्रथिनं नाहीत. साबुदाण्याच्या खिचडीवर आपल्या गावाचं अतोनात प्रेम, पण १०० ग्रॅम साबुदाण्यात प्रथिन एक ग्रॅमसुद्धा नसतं. जे काही आहे ते त्यातल्या दाण्याच्या कुटाचं.

घरात अंडं येत नव्हतं. म्हणजे आजवर कधीच आलं नव्हतं. बाईंनी दिवसाला तीन सांगितली. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन, पचायला हलकं, आतड्याला त्रास नाही. बायकोने गॅलरीत इंडक्शन मांडलं, वेगळं पातेलं आणलं. महिनाभर हा गॅलरीतला कारभार चालला. एके दिवशी बायकोला लवकर जायचं होतं आणि मी अंघोळ करून आलो तर पातेल्यात अंडी उकळत होती. आई पाठमोरी उभी होती. "किती मिनिटं ठेवायची असतात?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, दहा. तिने घड्याळाकडे पाहिलं. त्या विषयावर आमचं यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही. नंतर तिने एक छोटा डिजिटल काटा मागवून घेतला आणि पनीर, दही, डाळ मोजून घालायला लागली. आता माझ्या खाण्याची वही तिच्याकडे असते. मी एक्सेलमध्ये छान तक्ता केला होता, रंगबिरंगी. तो कुणी उघडत नाही.

दिवस साधारण असा असतो. सकाळी सातला नाचणीचं सत्त्व ताकातलं किंवा थोड्या दुधातलं, आणि अंडी. दहाला शेंगदाण्याची मऊ पेस्ट दोन चमचे, पावाच्या स्लाइसवर किंवा केळ्यावर. ३० ग्रॅम पेस्ट म्हणजे १७५ उष्मांक आणि सात-आठ ग्रॅम प्रथिन. घरच्या मिक्सरमध्ये भाजलेले, सालं काढलेले दाणे तेल सुटेपर्यंत फिरवले की होते. एकला मऊ भात, मुगाचं घट्ट वरण, दुधी किंवा लाल भोपळा, वाटीभर दही. चारला ऑफिसात आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेलं पोषण-पेय २०० मिलिलिटर. सातला जेवण, त्यात १०० ग्रॅम पनीर ठरलेलं, ते झालं १८ ग्रॅम. साडेनऊला थोडं काहीतरी, उपमा, शिरा, कधी दहीभात. सहा वेळा, प्रत्येक वेळी थोडं. एका बैठकीत पोट भरून जेवलं की माझं पोट फुगतं आणि पुढचं जेवण बुडतं, हे मी बऱ्याचदा करून पाहिलं आहे.

तूप परत आलं का? आलं. आतडं शांत झाल्यावर, चाचण्या बऱ्या आल्यावर, एकेक चमचा करत. आता दिवसात चार लहान चमचे चालतात, म्हणजे दीड-पावणेदोनशे उष्मांक विनासायास. पहिल्या दिवशी आईने भातावर तूप घातलं तेव्हा चमचा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली, जणू आता काहीतरी फुटणार. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने दाराबाहेरून विचारलं, "ठीक?" कुटुंबाच्या मासिकात हे लिहावं की नाही माहीत नाही, पण आमच्या घरी आता संडासाची चौकशी हवापाण्याइतकी सहज होते.

मी शहाण्यासारखा वागलो असं समजू नका. २०२४ च्या जानेवारीत ऑफिसची मंडळी सराफ्यात गेली. थंडीचे दिवस, गराडूचा तळणीतून घमघमाट. माझ्या आतड्याचा एक भाग सुजून सुजून अरुंद झालेला आहे, म्हणून सालं, बिया, मक्याचे दाणे, अख्खे शेंगदाणे, कच्च्या कोशिंबिरी मला वर्ज्य. तरी भुट्ट्याचा कीस खाल्ला, "किसलेलाच तर आहे" म्हणत, गराडू खाल्ले, वर जिलबी. घरी काही सांगितलं नाही. रात्री दोनला पोट दगडासारखं झालं आणि उलट्या. एक रात्र सलाईनवर गेली. शस्त्रक्रियेपर्यंत वेळ आली नाही, नशीब. पण दोन किलो गेले आणि ते परत यायला मार्च उजाडला. वहीत त्या तारखेला आईच्या अक्षरात फक्त "सराफा" असं लिहिलं आहे.

आता राहिला व्यायाम. वजन वाढवायचंय तर व्यायाम कशाला, जाळायचं का आणखी, असं मला चार जणांनी विचारलं. अन्न स्नायूंत जायला स्नायूंना काम लागतं, नाहीतर ते पोटावर जमतं. फिजिओथेरपिस्टने पहिल्या दिवशी खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. ३० सेकंदांत मी पाच वेळा उठलो आणि घाम फुटला. रोज तेच. मग पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या हातात. मग रबरी पट्टा. चार महिन्यांनी पाच किलो आट्याची पिशवी छातीशी धरून बैठका, घरात हसू. आठवड्यातून तीनच दिवस, २० ते २५ मिनिटं. आजार उसळलेला असतो तेव्हा नाही, तेव्हा नुसतं चालणं.

दंडाचा घेर मोजायची सवय मला तिथेच लागली. काट्यापेक्षा ती टेप आणि खुर्चीवरच्या उठण्याचा आकडा मला जास्त विश्वासाचे वाटतात. दंड २१.५ सेंटीमीटरवरून २५ वर आला आहे. खुर्ची ३० सेकंदांत १५ वेळा. वजन आज ५९. म्हणजे ५१ पासून ५९ यायला मला पावणेदोन वर्षं लागली, त्यात काही महिने काटा हललाच नाही आणि एकदा मागे आला. दिवसाला तीनशे-चारशे जास्तीचे उष्मांक नेमाने पचले तर महिन्याला एक-दीड किलो वाढायला हवं असं कागदावर दिसतं. कागदाला आतडं नसतं. दोन महिन्यांत दहा किलोच्या जाहिराती बघितल्या की मला तो पावडरीचा डबा आठवतो. तो अजून आहे, त्यात आई रवा ठेवते.

ज्यांचा आजार वेगळा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण काकांच्या सूनबाईंसारखे बरेच असतील. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं मनाने वाढवणं धोक्याचं. तिथे कधी कमीच करायला सांगतात. वजन झरझर उतरतंय आणि तहान, लघवी वाढली आहे, तर गोडधोड चारण्याआधी साखर तपासा. थायरॉइड जास्त काम करत असेल तर तो आटोक्यात आल्याशिवाय खाणं पुरं पडत नाही. दम्यासारखा फुप्फुसाचा जुना विकार असणाऱ्यांना जेवतानाच धाप लागते, त्यांना थोडं थोडं आणि मऊ बरं पडतं. टीबीचे उपचार चालू असतील तर निक्षय पोषण योजनेतून सरकार आहारासाठी दरमहा पैसे थेट खात्यात देतं. २०१८ पासून ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. लाजून ते सोडू नका, त्यात अंडी आणि डाळ येते. आणि वजन विनाकारण उतरत असेल, म्हणजे सहा महिन्यांत शंभरातले पाच-सात किलो अशा प्रमाणात, तर ते छान बारीक झालात म्हणून साजरं करू नका, डॉक्टरांकडे जा.

भेटल्यावर "किती वाळलास" आणि "किती सुटलास" ही आपली दोन वाक्यं आहेत. मायेनेच म्हणतो आपण. पण ५५ किलोला माझं कौतुक झालं तेव्हा मी उठून उभा राहू शकत नव्हतो, आणि ५१ ला सगळ्यांचे चेहरे पडले तेव्हा मी खरोखर बरा होत होतो. त्यापेक्षा "जेवण जातंय का? झोप लागते का?" असं विचारलं असतं कुणी, तर मला सांगण्यासारखं बरंच होतं. काकांनी "काय खातोस" विचारलं, ते तरी प्रश्नच होता.

यंदा वरणाची बादली मी मुद्दाम मागून घेतली. भरलेली बादली दहा-बारा किलोची असावी, दोन पंगती वाढल्या. तिसऱ्या पंगतीला हात भरून आले, तेव्हा मीठ वाढायला गेलो. मुलगी आता सहा वर्षांची, बावीस किलोची. आरतीच्या वेळी तिला उचलायला गेलो तर म्हणाली, "मी मोठी झालेय बाबा, मला दिसतं."

काका, सूनबाईंना काय त्रास आहे ते कळवा. मी डॉक्टर नाही, पण कुठल्या तपासण्या घेऊन जायचं एवढं नक्की सांगेन. माझी आतड्यातली सूज मोजणारी कॅलप्रोटेक्टिनची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. ती बरी आली तर आईने एक डिंकाचा लाडू कबूल केला आहे. लहान.

पुढच्या महिन्यात पुन्हा पासवर्डांकडे वळू.